शेवटच्या बाकावरून टेबलापर्यंत

लेस्टिना न्याकोंडोवे मलुवाच्या बाजाराला निघाली की डोक्यावर वाळलेल्या उसिपाची टोपली असायची आणि हातात पाण्याची बाटली. बाटली तहानेसाठी नव्हती, रागासाठी होती.

बोटाएवढ्या त्या मासळीत हात घालून कुणी म्हणालं, "वाळूच जास्त दिसतेय गं," की लेस्टिना बूच काढून घोटभर पाणी तोंडात घ्यायची आणि धरून ठेवायची. गाल फुगलेले, डोळे वटारलेले, तोंडातून शब्द नाही. शेजारच्या कसाव्याच्या पिठावाल्या दोघी एकमेकींना कोपरानं ढोसायच्या.

"भरली बघ टाकी."

"आज फुटतेय का गं?"

गिऱ्हाईक गेलं की लेस्टिना बाजूला वळून पाणी थुंकायची, तोंड पुसायची आणि त्या दोघींकडे असं बघायची की त्यांना लगेच पीठ चाळायची आठवण व्हायची.

हा उपाय तिनंच शोधून काढला होता, आणि तो चर्चसाठी होता. तिला उमन्यानोत जायचं होतं. उमन्यानो म्हणजे मंडळीतल्या बायकांचं मंडळ. पांढरा ब्लाऊज, काळा स्कर्ट, डोक्याला घट्ट बांधलेला पांढरा रुमाल. या बायका पुढच्या बाकांवर बसतात, मयतीला गातात, आणि मेल्या की त्याच पोशाखात पुरल्या जातात. लेस्टिनाची आई तशी गेली होती. आपणही तसंच जावं, यापलीकडे तिचं मागणं नव्हतं.

पण आत यायचं तर बदल दिसावा लागतो. दर वर्षी पोशाखाच्या रविवारी उमेदवार बाई पुढे उभी राहते आणि मंडळाच्या अध्यक्षबाई, न्याचिरांबो, मान किंचित कलती करून विचारतात, "हिच्यात ख्रिस्ताचं रूप दिसू लागलंय का? कोण साक्ष देतं?" कुणीतरी उठून सांगायचं, ही अशी होती, आता अशी झाली. लेस्टिनासाठी वर्षानुवर्षं कुणी उठलंच नाही. एकदा पिठावाली उठली. लेस्टिनाचा जीव भांड्यात पडला.

"बदल आहे," पिठावाली म्हणाली. "मागच्या वर्षी बाजारकरवाल्याच्या अंगावर तिनं पातेलं फेकलं होतं. यंदा नुसतं झाकण फेकलं."

अख्खं चर्च हसलं. पाळकसाहेबही हसले, आणि मग खोकल्याचं निमित्त करून रुमालात तोंड लपवलं. लेस्टिनाला सांगण्यात आलं, पुढच्या वर्षी बघू.

आता खरं बोलायचं तर तिची भांडणं खोटी नव्हती. मासळी वाळवायच्या मांडवावर कुणाची तरी बकरी चढायची, विहिरीवर तिच्या बादलीपुढे कुणाची तरी बादली सरकायची, तिची कोंबडी दुसऱ्याच्या रश्श्यात शिजायची. पण भांडण तिच्या मांडवाचं, तिच्या बादलीचं, तिच्या कोंबडीचं. दुसऱ्याची कोंबडी चोरीला गेली तर ती शांतपणे म्हणायची, "लक्ष ठेवायचं होतं."

आणि उमन्यानोतल्या बायका कशा होत्या? शांत. अगदी एकसारख्या शांत. ख्रिस्ताचं रूप कसं असतं ते कुणी पाहिलेलं नव्हतं, न्याचिरांबोचं मात्र रोज दिसायचं. त्यामुळे सगळ्यांच्या माना तिच्यासारख्या डावीकडे कलायच्या, सगळ्या तिच्यासारख्या बोलण्याआधी बारीक खोकायच्या आणि वाईटातली वाईट गोष्ट हळू आवाजात बोलायच्या. चहाडीसुद्धा प्रार्थनेसारखी ऐकू यायची. लेस्टिनानंही घरी मान कलती करून पाहिली. टोपली पडली.

या सगळ्यात तिचं खरं माणूस एकच होतं, आणि ते चर्चच्या शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसायचं.

आगोगो म्हणजे आजी. मलुवात आज्या पुष्कळ, पण नुसतं आगोगो म्हटलं की न्यान्खाटा म्हातारीच. गावातल्या मेलेल्या बायकांना ती धुवायची. अंग धुणं, केस नीट करणं, डोळे मिटवणं, पोशाख चढवणं, शेवटी डोक्याला पांढरा रुमाल बांधणं. तो रुमाल असा बसायचा की मातीत गेलेली बाई जणू रविवारच्या उपासनेलाच निघाली आहे. मलुवाच्या कबरस्तानात पांढरा रुमाल बांधून झोपलेली एक तरी बाई दाखवा, जिचा रुमाल आगोगोनं बांधलेला नाही. नाही सापडणार. आणि त्या आगोगोला स्वतःला तो रुमाल बांधायची परवानगी नव्हती.

का, तर ती होड्या बांधणाऱ्या जायरोसची दुसरी बायको होती. पहिली न्यामोने. ती मंडळीत, उमन्यानोत, पुढच्या बाकावर. मंडळीच्या वडिलांनी, म्हणजे कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांनी, फार पूर्वी हिशेब लावून ठेवला होता: पहिली म्हणजे बायको, दुसरी म्हणजे पाप. दोघी एकाच अंगणात राहायच्या, एकाच उखळात कांडायच्या, आणि रविवारी चर्चच्या दारात एक पुढे जायची, एक मागे थांबायची. जायरोस तर आतही यायचा नाही. पण चर्चचं दार त्याच्याकडूनच करवून घेतलं होतं. दोन बायकांच्या नवऱ्यानं केलेल्या दारातून आत जाताना कुणाला अंगावर काटा आला नाही.

जायरोस वारल्यावर मंडळीचे वडील मुंथाली आगोगोकडे आले. माणूस तसा वाईट नाही. आयुष्य सरकारी कचेरीत गेलं, त्यामुळे नियम म्हटला की त्यांची पाठ ताठ व्हायची. चर्चच्या कुलपाची चावी ते गळ्यात दोरीला बांधून घालायचे.

"आगोगो, आता सोपं झालं," ते म्हणाले. "मंडळीपुढे उभं राहायचं आणि एक वाक्य म्हणायचं. मी पापात राहिले आणि पापातून पोरं झाली. बस. लगेच प्रभुभोजन, लगेच सगळं."

"पहिलं अर्धं म्हणते," आगोगो म्हणाली. "दुसरं नाही. पोरं माझी आहेत."

"वाक्य अर्धं चालत नाही."

"मग राहू दे. मी आहे तिथे बरी आहे. वारा लागतो."

एक मुलगा दक्षिणेतल्या खाणीत गेला तो मातीतच राहिला, मुलगी प्रसूतीत गेली. त्या दोघांना पाप म्हणायचं, म्हणजे म्हातारीला भाकर आणि द्राक्षरस मिळेल! ती नाही म्हणाली आणि शेवटच्या बाकावरच राहिली. प्रभुभोजन वाढायच्या वेळी त्या बाकावरच्यांना बाहेर जावं लागायचं. मग ती आंब्याखाली बसून आतलं गाणं ऐकत गुणगुणायची. आतल्यांच्या आधी कडवं संपवायची.

आई वारली तेव्हापासून लेस्टिना तिच्या हाताखाली पाणी भरायला जायला लागली. एकदा कुणाला तरी धुऊन दोघी सरोवराच्या काठावर राखेनं हात घासत होत्या.

"आगोगो, इतकी मेलेली तोंडं बघितलीस तू. एखादं तरी ख्रिस्तासारखं दिसलं का?"

"छे गं. सगळी आपापल्यासारखी. न्याचिरांबोची सासू तर मेल्यावरही नाक मुरडून होती. मी दोनदा सरळ केलं."

"मग आपण त्याच्यासारखे होणार म्हणतात ते काय?"

"होणार ना. पण ते काम माझं नाही, तुझ्या त्या अध्यक्षबाईचंही नाही. मी धुऊन, बांधून हवाली करते. पुढचं तो करतो. शेवटल्या दिवशी हाक मारेल तेव्हा पुरं झालेलं असेल. फळ्या पडलेल्या बघून होडीला नावं ठेवतं का कुणी?"

"आणि माझा राग गं? तो तासून टाकेल ना?"

आगोगोनं नखातली राख काढली. "जायरोस होडीच्या फासळ्यांसाठी रानात वाकडं लाकूड शोधत हिंडायचा. सरळ लाकडाची फासळी होत नाही म्हणायचा. आता तुझं काय करायचं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तू मात्र गाल फुगवून घेऊ नकोस, बेडकीसारखी दिसतेस."

आणि त्याच दिवशी तिनं एक मागणं मागितलं.

"मी गेले की तू धू मला. पांढरं घालू नकोस हं. चोरून आत शिरली म्हणतील. माझी नेसायची निळी चितेंजे आहे, तीच गुंडाळ. ज्यानं ओळखायचं तो ओळखेल. पण मला एकदा आतून ने. शेवटच्या बाकावरून पुढे, त्या प्रभुभोजनाच्या टेबलापर्यंत. इतकी वर्षं लांबून बघितलंय, जवळून कसं आहे ते माहीत नाही."

"अगं, मेल्यावर दिसणार आहे का तुला?"

"तुला दिसेल ना. तू मला सांग."

लेस्टिनानं शब्द दिला. तेव्हा तो फार सोपा वाटला.

यंदा मात्र गंमत झाली. वर्षभर लेस्टिनानं तोंडात पाणी धरलं होतं. बकरी मांडवावर चढली, पाणी. बादली सरकली, पाणी. न्याचिरांबोनं स्वतः बाजारात येऊन पाहणी केली, मान कलती करून म्हणाली, "काम होतंय हो प्रभूचं." दोन साक्षीदार ठरले. पोशाख शिवून आला. लेस्टिनानं तो पेटीत सगळ्यांत वर ठेवला आणि दिवसातून चारचारदा उगाच पेटी उघडायला लागली.

पोशाखाचा रविवार उजाडणार, त्याच्या आदल्या शुक्रवारी आगोगो गेली. सकाळी अंगण झाडत होती. झाडू भिंतीला नीट टेकवून खाली बसली, ती उठली नाही.

शनिवारी सकाळी लेस्टिना पडद्याआड तिला धुवायला बसली. न्यामोने चुलीवरून कोमट पाणी आणून देत होती. सवतीला शेवटचं पाणी देणाऱ्या त्या बाईच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. कुणी म्हणत होतं सुटली, कुणी म्हणत होतं खचली. ती एक शब्द बोलली नव्हती.

बाहेरून मुंथालींचा आवाज आला. मग न्याचिरांबोचा बारीक खोकला.

"न्याकोंडोवे, ऐकतेस ना? मंडळीच्या वडिलांनी ठरवलंय. घंटा वाजणार नाही. शव आत नेता येणार नाही. उमन्यानो पोशाखात येणार नाही, गाणार नाही. शेजारी म्हणून सगळे येतील. कबरीपाशी मी छोटीशी प्रार्थना करीन."

छोटीशी!

न्याचिरांबो पडद्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "उद्याचा रविवार विसरू नकोस, बाई. इतकी वर्षं वाट बघितलीस. पाणी घे तोंडात."

बाटली शेजारीच होती. लेस्टिनानं घोट घेतला. गाल फुगले. ती आगोगोचे हात धुवायला लागली. उजवा हात, डावा हात. बोटांच्या पेरांवर रुमालाच्या गाठी आवळून आवळून घट्टे पडलेले होते. गावातल्या किती बायांच्या हनुवटीखालून ही बोटं फिरली होती! बाहेर उभ्या असलेल्या बहुतेकींच्या आयांना या हातांनी न्हाऊ घातलं होतं. आणि आता या हातांसाठी छोटीशी प्रार्थना.

एरवी तिनं पाणी थुंकलं असतं आणि राग त्याच्याबरोबर गेला असता. पण मेलेल्या माणसाशेजारी थुंकायचं कुठे? तिनं ते गिळलं. पहिल्यांदाच गिळलं. राग पोटात गेला आणि गेला नाही.

हात पुसत ती बाहेर आली. सगळे जरा मागे सरकले. काय उडून येईल सांगता येत नव्हतं.

पण ती ओरडली नाही. आवाज इतका खाली होता की मुंथालींना वाकावं लागलं.

"बाबा मुंथाली, तुमच्या आईला कुणी धुतलं?"

"हा इथे प्रश्न नाही."

"कुणी?"

"आगोगोनं."

"रुमाल कुणी बांधला?"

मुंथाली गळ्यातली दोरी नीट करायला लागले.

"म्हणजे हिनं बांधलेला रुमाल देवाला चालतो. तुमच्या आईला चालला. मग हीच का चालत नाही?"

"नियम मी केलेला नाही, न्याकोंडोवे."

"नसेल. पण चावी तुमच्या गळ्यात आहे."

"उद्या तुझा पोशाख आहे," न्याचिरांबो कळवळून म्हणाली. या वेळी खरंच कळवळून. मान सरळ होती. "आज गप्प बस ना गं. एक दिवस."

"उद्याचं उद्या," लेस्टिना म्हणाली आणि आत जाऊन आगोगोला निळी चितेंजे गुंडाळली. पेटीतला पांढरा पोशाख एकदा मनात आला. पण नको म्हणाली होती म्हातारी, आणि तिचं नको म्हणजे नको.

तिरडी उचलली. कबरस्तानाचा रस्ता चर्चवरूनच जातो. चर्चपुढच्या आंब्याला जुन्या रुळाचा तुकडा टांगलेला आहे, तीच घंटा. लेस्टिनानं खालचा बोल्ट उचलला आणि हाणायला सुरुवात केली. रविवारच्यासारखं नाही. आग लागल्यासारखं. शेतातली माणसं खुरपी हातात घेऊन आली, काठावरचे लोक जाळी टाकून आले, आणि उमन्यानोच्या बायका रोजच्या कपड्यांत, चोरासारख्या कुंपणाशी उभ्या राहिल्या.

दाराला साखळी होती, साखळीला कुलूप होतं. तिरडी पायरीवर टेकली.

"उघडा," लेस्टिना म्हणाली.

मुंथालींचा हात गळ्यातल्या चावीवर गेला आणि तिथेच राहिला. "मी उघडलं तर उद्या दुसरा म्हणेल, मलाही उघडा. मग मंडळी राहील का? मला तिच्याबद्दल काही नाही गं. मला ती... माझ्या आईला तिनं..." त्यांनी बाहीनं डोळे पुसले. पण चावी काही दोरीतून सुटली नाही. रडू येत असलं तरी नियम तो नियम! असल्या माणसाचं करायचं काय? दुष्ट असता तर बरं होतं.

"इतकी वर्षं तुम्ही सगळे मला सांगताय," लेस्टिना म्हणाली, "की त्याच्यासारखी हो. झाले नाही, कबूल. पण तो कुणाकुणाच्या घरी जेवायला बसायचा ते तुम्हीच वाचून दाखवता ना? शेवटच्या बाकावरची माणसं शोधून शोधून बसायचा. हे दार त्यानं लावलं असतं? त्याच्यासारखं व्हायचं म्हणजे काय मान वाकडी करायची?"

कुंपणाशी उभ्या असलेल्या सगळ्या माना एकदम सरळ झाल्या.

बोलून ती थांबली. दार बंदच होतं. दिलेला शब्द पायरीवर ऊन खात पडला होता.

तेव्हा न्यामोने पुढे आली. कालपासून पहिल्यांदा तिनं तोंड उघडलं.

"हे दार माझ्या नवऱ्यानं केलंय," ती तिरडी धरलेल्या पोरांना म्हणाली. "त्याला घरांची दारं करता येत नव्हती. होड्याच यायच्या. बिजागरी बघा. सुकाणूची आहे. सुकाणू कसं काढता रे?"

पोरं कोळ्यांची. एकानं कपाळावर हात मारला. "वर उचलून!"

"मग?"

चौघं दाराला भिडली. पावसात फळ्या फुगतात म्हणून जायरोसनं वर बोटभर जागा सोडलेली होती. दार कुरकुरत वर गेलं, खिळ्यांवरून सुटलं, आणि साखळीला लटकत बाजूला झालं. कुलूप जसंच्या तसं. मुंथालींना पुढे आयुष्यभर शपथेवर सांगता आलं की कुलूप कुणी उघडलं नाही.

आगोगो आत गेली. शेवटच्या बाकावरून पुढे, पुढच्या बाकांच्या मधून, थेट टेबलापाशी. तिरडी खाली ठेवली. लेस्टिना टेबलाजवळ गेली आणि कबूल केल्याप्रमाणे नीट बघितलं. वरचं कापड काढून ठेवलेलं होतं. पांगाऱ्याच्या फळ्या, मेणाचे वाळलेले थेंब, कडेनं चाललेली मुंग्यांची रांग. एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी घातलेली होती.

ती वाकून आगोगोच्या कानाशी म्हणाली, "काही नाही गं. साधं टेबल आहे. एका पायाखाली पुठ्ठा घातलाय."

आणि मग तिचा इतका संताप झाला की टेबलाची कड धरावी लागली. यासाठी! या पुठ्ठ्याच्या टेबलापासून एका बाईला जन्मभर आंब्याखाली बसवलं. आणि ज्याच्या नावानं बसवलं, त्यानं येताना विचारलं नसतं की तू कितवी. नुसता तिच्याशेजारी जाऊन बसला असता, वारा घेत.

मागे कुणीतरी गुणगुणायला लागलं. शब्द नव्हते, नुसती चाल, आंब्याखालून यायची तशी. पोशाखाशिवाय गाता येतं हे उमन्यानोच्या बायकांना त्या दिवशी कळलं. न्याचिरांबो दारात उभी राहिली. आत आली नाही, गेलीही नाही.

रविवारी पाळकसाहेब मोटरसायकलवरून आले. बातमी त्यांच्या आधी पोचली होती. दार परत बसवलेलं होतं. त्यांनी ते एकदा उघडून, एकदा लावून बघितलं आणि कुणाला काही म्हणाले नाहीत.

लेस्टिना पोशाख हातावर घेऊन पुढे उभी राहिली. न्याचिरांबोनं नेहमीचा प्रश्न विचारला. आवाज नेहमीचा नव्हता. ठरलेल्या दोघी साक्षीदार बुटांकडे बघत बसल्या.

पुढच्या बाकावरून न्यामोने उठली.

"मी हिला लहानपणापासून भांडताना बघते," ती म्हणाली. "मासळीवरून, बादलीवरून. एकदा माझ्याशीच, कोंबडीवरून. तिची कोंबडी मीच खाल्ली होती, आता सांगते. जे काय भांडली ते स्वतःच्या वस्तूवरून. काल भांडली तेव्हा तिची कुठलीच वस्तू नव्हती. उलट हातातली जात होती. मी आगोगोची सवत असून बोलले नव्हते, इतकी वर्षं पुढे बसून बोलले नव्हते. बदल बदल म्हणता, तो हा. आणखी कसला असतो मला माहीत नाही."

पाळकसाहेबांनी टेबलावरचं कापड सरळ केलं. मग त्यांनी, सगळे पाळक जे करतात ते केलं. साक्ष ऐकली, तिचा आदर केला, आणि म्हणाले की घंटा आणि दार या बाबी वरिष्ठ सभेपुढे जातील, तोवर पोशाख देता येणार नाही, आणि तोवर बहीण न्याकोंडोवे मागच्या बाकावर बसेल.

पिठावालीनं आरडाओरडा ऐकू येऊ नये म्हणून आधीच कान झाकले.

"बरं," लेस्टिना म्हणाली. पोशाखाची घडी काखेत मारून ती सबंध चर्च चालून मागे गेली आणि आगोगोच्या जागेवर बसली. राग आला नव्हता असं कुणी समजू नये. कान लाल झाले होते. पण बाटली घरी होती आणि तिची आठवणही आली नाही.

म्हातारी खरं बोलत होती. तिथे वारा लागत होता.

प्रभुभोजनाच्या वेळी ती नियमाप्रमाणे उठून आंब्याखाली गेली. पाठोपाठ पांढऱ्या रुमालातली न्यामोने आली आणि बसायला जागा झटकायला लागली.

"तू का आलीस? तुला आत मिळतंय."

"मिळतंय ना," न्यामोने म्हणाली. "इतकी वर्षं मिळत होतं. ती इथे बसलेली असायची आणि मी आत चावत बसायचे. सरक तिकडे."

वरिष्ठ सभेकडून अजून काही आलेलं नाही. बहुतेक चहा चाललाय त्यांचा.

उन्हाळ्यात न्याचिरांबोची आई वारली. न्याचिरांबो स्वतः लेस्टिनाच्या अंगणात आली. मांडवापाशी उभी राहिली, खोकायला गेली, खोकला आलाच नाही.

"आई गेली," ती म्हणाली. "धुवायला... आता आगोगो नाही."

लेस्टिना मासळी उलटत होती. तिला पुष्कळ बोलता आलं असतं, आणि त्यातलं थोडं ती बोललीही. मागच्या बाकावरचे हात चालतील का, मंडळीच्या वडिलांना विचारलंस का, चावी आणलीस का. न्याचिरांबोनं मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग लेस्टिनानं हात धुतले आणि तिच्या पुढे चालायला लागली, वाटभर पुटपुटत.

पाणी न्यामोनेनं दिलं. लेस्टिनानं म्हातारीला धुतलं, पोशाख चढवला, आणि रुमाल बांधायला घेतला. आगोगोइतका सरळ बसेना. सोडला, परत बांधला. तरी जरा डावीकडे कलला. असू दे म्हणाली.

पडद्याबाहेरून न्याचिरांबोचा रडका आवाज आला, "कशी दिसतेय गं?"

लेस्टिनानं म्हातारीच्या तोंडाकडे नीट बघितलं. कपाळावरच्या त्याच हट्टी आठ्या, तोच दाबलेला ओठ.

"तुझ्या आईसारखीच," ती म्हणाली. "अजून तरी."